मोजायचा कोरडा, खाऊ घालायचा ओला

प्रश्न : माझी घोडी १९ वर्षांची आहे. वजनाच्या पट्टीनं मोजलं तर ४०० किलो भरतं, वर्षभरापूर्वी ४३० होतं. आता बरगड्या दिसायला लागल्यात. रोज ५ किलो वाळलेलं गवत टाकतो, त्यातलं दोन किलो तरी ती चघळून, गोळे करून खाली टाकते. शिवाय दीड किलो ओट आणि अर्धा किलो गव्हाचा कोंडा, दोन वेळांत विभागून. काम अगदी हलकं. एकानं शुगर बीटचा चोथा द्यायला सांगितला, म्हणून गोळ्यांचं पोतं आणलं. आता दुसरा म्हणतो, हा पोटात फुगतो आणि पोट फाडतो. तिसरा म्हणतो, भिजवायची गरजच नाही. चौथा म्हणतो, ही निव्वळ साखर, पाय धरतील. दुपारी भिजवून ठेवलेला चोथा दुसऱ्या दिवशी सकाळी दिला तर आंबूस वास आला आणि घोडीनं तोंड फिरवलं. किती द्यायचा, कसा द्यायचा? शेजारच्या ठाणावर एक लठ्ठ तट्टू आहे, त्यालाही दिला तर चालेल का?

उत्तर : पोत्याकडे वळण्याआधी घोडीच्या तोंडात डोकावायला हवं. गवताचे ओले, वळलेले गोळे खाली पडतात याचा अर्थ दाढांमध्ये गवत दळलंच जात नाही. या वयात एखादी दाढ हलते, एखादी पडलेली असते आणि समोरची वाढून टोचते, कुठे कड धारदार होऊन गालाला जखम करते. हे पुढचे दात बघून कळत नाही. पशुवैद्याला जबडा उघडा धरून, उजेड पाडून शेवटच्या दाढेपर्यंत बघू द्या. त्याच भेटीत लिदीची जंतांसाठी तपासणी करून घ्या. दाढ दुखत असेल तर तुम्ही सोन्याचा चोथा आणलात तरी घोडी भरणार नाही.

आता तुमच्या आहाराचा हिशेब. गवतातून किलोमागे साधारण १.८ ते २ मेगाकॅलरी मिळतात, ओटातून २.८ ते ३, कोंड्यातून जवळपास तेवढ्याच. तीन किलो गवत पोटात गेलं तर साडेपाच-सहा, दीड किलो ओटाच्या सव्वाचारच्या आसपास, कोंड्याच्या दीड. सगळं मिळून साडेअकरा. काम न करणाऱ्या ४०० किलोच्या घोड्याला नुसतं आहे ते वजन टिकवायलाच १३ च्या वर लागतात. म्हणजे कागदावर ५ किलो गवत दिसतं, पण घोडी रोज थोडी थोडी उपाशी राहते. यावर ओट वाढवणं हा सरधोपट उपाय आहे आणि तोच चुकीचा. नीट न चावलेला ओट अर्धामुर्धा लिदीत निघतो, आणि एका वेळी जास्त पिष्ट गेलं तर ते लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं. पोटशूळ आणि खुरांचा दाह इथूनच सुरू होतो.

चोथा कामी येतो तो नेमका इथे. बीटमधली साखर गरम पाण्यानं काढून घेतल्यावर जो तंतुमय भाग उरतो, तो वाळवला की हा चोथा. मूळचं बीट पांढरं असतं, कोशिंबिरीतल्या लाल बीटाशी घोळ करू नका. उसाच्या चिपाडाशीही याची तुलना करू नका. चिपाडात लिग्निन म्हणजे लाकडासारखा न पचणारा भाग भरपूर, तर बीटच्या चोथ्यात तो अगदी थोडा आणि पेक्टिनसारखा सहज पचणारा तंतू भरपूर. हा तंतू घोड्याच्या अंधांत्रात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेल्या पिशवीत, आणि पुढच्या मोठ्या आतड्यात सूक्ष्मजीव आंबवतात आणि त्यातून मंद गतीनं, दिवसभर ऊर्जा मिळते. किलोमागे अडीच ते २.८ मेगाकॅलरी, म्हणजे ओटाच्या जवळपास, पण पिष्ट जवळजवळ शून्य. म्हणून चोथ्याला चंदी समजून वागवू नका. ही चांगल्या प्रतीची, चावायला सोपी वैरण आहे, आणि घोडीला सध्या नेमकी तिचीच गरज आहे.

पोट फाटण्याची भीती का पसरली ते समजण्यासारखं आहे. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोट फाटणं ही गोष्ट खरी आहे. पण ते होतं धान्य अती खाल्ल्यानं, पोटात वायू कोंडल्यानं किंवा पुढे आतडं तुंबल्यानं. चोथा वजनाच्या चौपट पाणी शोषतो हेही खरं. पण पाव-अर्धा किलो कोरड्या चोथ्याचं फुगून जे होतं ते सव्वा ते अडीच किलो, आणि मोठ्या घोड्याच्या पोटात ८ ते १५ लिटर मावतं. शिवाय पोट म्हणजे बंद डबा नव्हे, आतलं अन्न पुढे सरकत राहतं. पोट फुटणार नाही.

अडचण पोटाच्या वर आहे, अन्ननलिकेत. घोड्याची लाळ चावताना सुटते. एक किलो गवत खाताना तो तीन हजारांहून जास्त वेळा चावतो, तेवढंच धान्य हजाराच्या आत संपवतो. दात खराब असलेली, भुकेली घोडी कोरड्या, कडक गोळ्या जवळजवळ न चावता गिळते. त्या गोळ्या थोडीशी लाळ ओढून घेतात, बाहेरून चिकट होतात आणि नळीत बोळा बसतो. यालाच चोक म्हणतात. तेव्हा तुमचा तिसरा सल्लागार पूर्ण चुकीचा नाही, कारण चोथ्याची सुटी फोलपटं इतर खाद्यात मिसळून थोडी कोरडी देणारे लोक आहेत. पण गोळ्या, तेही १९ वर्षांच्या आणि गवत न चावणाऱ्या घोडीला, कोरड्या कधीही नाहीत. पोतं बंद ठेवा आणि तिचं तोंड तिथवर पोचणार नाही असं ठेवा.

चोक झालाच तर ओळखू कसा येतो? दोन्ही नाकपुड्यांतून हिरवट-तपकिरी, लाळेत कालवलेलं अन्न येतं, मान ताणून पुढे धरते, खोकते, गिळायचा प्रयत्न करून थांबते. श्वासनलिका वेगळी असल्यानं श्वास चालू असतो, म्हणून घाबरून तोंडात पाणी किंवा तेल ओतू नका. ते फुफ्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. गव्हाण आणि पाणी दोन्ही समोरून काढा, डोकं खाली राहील असं शांत उभं करा आणि पशुवैद्याला बोलवा. बोळा आपोआप सुटला तरी बोलवाच.

आता भिजवणं. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा सावकाश बघू.

आधी पोत्यावर काय लिहिलंय ते वाचा. चोथा तीन प्रकारांत येतो : दाबून केलेल्या गोळ्या, सुटी फोलपटं, आणि शिजवून चपटे केलेले झटपट भिजणारे पापुद्रे. पापुद्रे दहा-पंधरा मिनिटांत भिजतात, फोलपटांना दोनेक तास लागतात, गोळ्यांना थंड पाण्यात रात्रभर, म्हणजे १२ तास धरा. उत्पादकानं त्याहून जास्त वेळ सांगितला असेल तर तो पाळा. वरून सगळं सारखंच तपकिरी दिसतं, आणि एका प्रकाराचा वेळ दुसऱ्याला लावला की घोळ होतो. पापुद्र्यांचा वेळ गोळ्यांना लावणं सगळ्यात धोक्याचं.

पाण्याचं माप वजनावर ठेवा. १ किलो गोळ्यांना ४ लिटर, १ किलो फोलपटांना ३ लिटरपासून सुरुवात. गोळ्या आधी, पाणी नंतर, आणि अर्ध्या तासानं हात घालून तळापासून एकदा ढवळा. पाणी कमी पडलं तर वरचा थर फुगून सगळं पाणी पितो आणि मधे कोरड्या गोळ्या तशाच राहतात. बादली मोठी घ्या. किलोभर गोळ्यांना १० लिटरची बादली हवी, नाहीतर सकाळी अर्धा चोथा जमिनीवर आलेला असतो.

भिजला की नाही हे घड्याळ सांगत नाही, बोटं सांगतात. तळातली मूठभर काढा आणि चिमटीत चुरडा. आत खडा लागला तर अजून वेळ आहे. मूठ आवळल्यावर चार-दोन थेंब पडावेत आणि मूठ उघडल्यावर चोथा मोकळा व्हावा. धार लागली तर पाणी जास्त झालं. त्यानं काही बिघडत नाही, उलट घोडीच्या पोटात तेवढं पाणी जातं. मात्र काही घोड्यांना असा पचपचीत घास आवडत नाही, त्यांच्यासाठी पुढच्या वेळी अर्धा लिटर कमी घाला.

आता तुमचा आंबूस वास. साखर काढली तरी थोडी उरतेच. ओलावा, ऊब आणि ती उरलेली साखर एकत्र आली की यीस्ट आणि जिवाणू कामाला लागतात. तुम्ही दुपारी भिजवून सकाळी दिलात, म्हणजे सोळा-अठरा तास गेले, तेही उष्णतेत. गारव्यात भिजवलेला चोथा दिवसभर टिकतो, उन्हाळ्यात बारा तासांतही बिघडतो. म्हणून उन्हाळ्यात दोन वेळा थोडा थोडा भिजवा. हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात गोळ्या दोन-तीन तासांत सुटतात, पण गरम पाण्यातला चोथा आंबतोही लवकर, तेव्हा तो भिजला की लगेच खाऊ घालायचा. बादली सावलीत, झाकून ठेवा. आणखी एक कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बादलीच्या कडेला वाळून चिकटलेला कालचा चोथा आजच्या चोथ्याला विरजण लावतो. म्हणून बादली आणि गव्हाण रोज घासून धुवा. बुडबुडे, फेस, तार किंवा आंबट वास आला की फेकून द्या. घोडीनं तोंड फिरवलं ते शहाणपणच केलं.

किती द्यायचा याचा हिशेब नेहमी कोरड्या वजनावर. ओल्या चोथ्यात चार भाग पाणीच असतं, 'एक बादली चोथा' या मापाला काही अर्थ नाही. तुमचं माप एकदा ताजव्यावर तोलून त्यावर खूण करा. लिटरभर मापात गोळ्या फोलपटांच्या दुपटीहून जास्त वजनाच्या भरतात, त्यामुळे प्रकार बदलला की खूणही बदलते.

पहिले तीन दिवस २०० ग्रॅम कोरडा, भिजवून, एकाच वेळेला. पुढचे तीन दिवस तेवढाच दोन वेळा. मग तीन वेळा ३०० ग्रॅम, आणि दोन आठवडे पुरे होता होता तीन वेळा ५०० ग्रॅम, म्हणजे दिवसाला दीड किलो. एवढी सबुरी आतड्यातल्या सूक्ष्मजीवांसाठी. नव्या तंतूची सवय व्हायला त्यांना वेळ लागतो. लीद सैल झाली तर एक पायरी खाली उतरून तीन-चार दिवस थांबा. दुसऱ्या आठवड्यात ओट दीड किलोवरून एक किलोवर आणा, कोंडा अर्धा किलोच ठेवा. तीन आठवड्यांत पट्टी हलली नाही तर चोथा दोन किलोपर्यंत वाढवा, पण एका वेळी साडेसहाशे ग्रॅमच्या वर नको. तेवढ्याचेच भिजून तीन किलोच्या वर होतात.

दोन किलो म्हणजे एकूण कोरड्या आहाराच्या तीस टक्क्यांच्या आत. या मर्यादेत राहिलात तर बाकीचं गणित बिघडत नाही. गवत बंद करायचं नाही. उलट मऊ, पानाचं, फुलोऱ्याआधी कापलेलं गवत मिळत असेल तर ते दिवसभर समोर ठेवा. दात दाखवल्यावर ती साडेतीन किलोपर्यंत पोचली तर सगळं मिळून १५ ते १७ मेगाकॅलरी होतील आणि वजन चढायला लागेल. तेही हळूहळू, पट्टी आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, त्याच माणसानं लावायची. पट्टीचा आकडा थोडा चुकतो, पण चढ-उतार खरा दाखवते.

तुमच्या आहारात एक छुपा दोष आहे, तोही चोथ्यानं भरून निघतो. ओट आणि कोंडा दोन्हींत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. आज घोडीच्या पोटात रोज अंदाजे १३ ग्रॅम कॅल्शियम आणि १७ ग्रॅम फॉस्फरस जातो. तिला कॅल्शियमच १६ ग्रॅम हवं, आणि ते फॉस्फरसपेक्षा जास्त हवं. प्रमाण असं उलटं राहिलं की शरीर हाडांतून कॅल्शियम ओढतं, आणि फार दिवस चाललं तर चेहऱ्याची हाडं सुजतात, पाय दुखरे होतात. चोथ्यात उलट आहे : किलोला सात ते दहा ग्रॅम कॅल्शियम आणि जेमतेम एक ग्रॅम फॉस्फरस. दीड किलो चोथा घातला आणि अर्धा किलो ओट कमी केला की बेरीज २४-२५ ग्रॅम कॅल्शियमला १७ ग्रॅम फॉस्फरस अशी येते. म्हणून कोंडा काढू नका म्हटलं, एकमेकांची उणीव दोघं झाकतात. लसूणघास भरपूर देणाऱ्यांनी मात्र हे गणित उचलू नये, त्यांच्याकडे कॅल्शियम आधीच जास्त असतं.

चोथ्यात जे नाही ते वेगळं द्यावं लागेल. जीवनसत्त्व अ आणि ई जवळजवळ नसतात, प्रथिनं ८ ते १० टक्केच, मीठ कमी. दिवसाला २० ते २५ ग्रॅम मीठ चोथ्यातच कालवा आणि घोड्यांसाठीचं तांबं-जस्त-जीवनसत्त्व ई असलेलं खनिज मिश्रण पाकिटावरच्या मापानं घाला. पुठ्ठ्यावरचा आणि पाठीवरचा मांसल भाग उतरला असेल तर २०० ग्रॅम सोयाबीन पेंडीचा विचार पशुवैद्याशी बोलून करा.

आता साखर. तुमचा चौथा सल्लागार पोत्यावरचा एक शब्द विसरला : मळी. नुसत्या चोथ्यात साखर साधारण ५ ते ८ टक्के असते. पण धूळ बसावी आणि चव यावी म्हणून बऱ्याच कारखान्यांत त्यावर मळी मारतात, मग ती २० टक्क्यांच्या आसपासही जाते. तुमच्या घोडीला आजवर खुरांचा त्रास नसेल तर दोन्ही चालतील, तरी मळी नसलेला घ्या. जिचे खूर एकदा धरले गेले, जिची मान चरबीनं कडक झाली, किंवा जिला अंगावर न झडणारे लांब केस राहतात, तिला फक्त मळी नसलेला द्यायचा, तोही भिजवून, पाणी ओतून टाकून, निवळ पाणी येईपर्यंत एक-दोनदा धुऊन. धुतल्यानं उरलीसुरली साखर जाते आणि मातीतून आलेलं लोहही कमी होतं. रंगावरून मळीचा अंदाज बांधू नका, लेबलच वाचा.

लेबल वाचायचं आणखी एक कारण आहे, आणि त्यात तडजोड नाही. चोथा गाईगुरांच्या खाद्यातही घालतात. गुरांच्या तयार मिश्रणांत मोनेन्सिनसारखं औषध असू शकतं. गुरांना ते सोसतं, घोड्याच्या हृदयाचे स्नायू मात्र अगदी थोड्या मात्रेत मारतं आणि त्याला उतारा नाही. पोत्यावर 'शुगर बीटचा वाळवलेला चोथा' याखेरीज, फार तर मळी, काही लिहिलेलं असेल तर ते पोतं परत करा. बुरशीचा वास किंवा गोळ्यांचे ढेकूळ असलेलं पोतंही भिजवून 'ठीक होईल' म्हणून ठेवू नका.

घोडी पहिल्यांदा नाक मुरडेल. तिच्या नेहमीच्या ओटात मूठभरच ओला चोथा चोळून द्या आणि रोज मूठ वाढवा. गूळ किंवा मळी घालून फसवायची गरज सहसा पडत नाही.

तट्टूबद्दल : लठ्ठ जनावराला वजन चढवणारी वैरण कशाला? त्याला औषध किंवा खनिज मिश्रण कशात तरी मिसळून द्यायचं असेल तर १०० ग्रॅम मळी नसलेला चोथा, भिजवून, धुऊन, तेवढाच. आणि घोडीला तिचा तोबरा चढवूनच खाऊ घाला, नाहीतर गव्हाणीतलं तट्टूच आधी संपवेल. ओला चोथा तोबऱ्यात देताना तो तळाला भोकं असलेला घ्या आणि खाणं झालं की लगेच उतरवा.

दात बघून झाले, जंत निघाले, चोथा दीड-दोन किलोवर दोन महिने झाले आणि तरी पट्टी ४०० वरच अडली असेल, तर खाद्य आणखी वाढवू नका. पशुवैद्याला रक्त तपासायला सांगा. या वयात यकृत, मूत्रपिंड आणि पिट्यूटरी ग्रंथी यांच्या तक्रारी अशाच गुपचूप वजन खातात.